आईचं एक मत

जॉन्सनव्हिलच्या हॉलमध्ये मतमोजणी संपत आली होती, आणि वल्लरीने डाव्या हाताची सगळी नखं खाऊन टाकली होती. उजवा हात तिने निकालासाठी राखून ठेवला होता.

न्यूझीलंडभरच्या मराठी मंडळांचा मिळून एक महासंघ. त्याच्या अध्यक्षपदावर शिरीषकाका नऊ वर्षं बसून होते, कारण निवडणूक दर वेळी बिनविरोधच व्हायची. यंदा वल्लरीने टुमणं लावून आईला उभं केलं होतं. काकांनी मुलांचे मराठी वर्ग बंद करायचं ठरवलं होतं. आई निवडून आली तरच ते वर्ग वाचणार होते. दूरच्या रिकार्टन उपनगरातल्या मुलांचा रविवारचा ऑनलाइन वर्ग वल्लरी स्वतः घ्यायची. शाळेत वर्षानुवर्षं मागच्या बाकावर गप्प बसलेल्या तिला त्या नऊ पोरांनी बोलतं केलं होतं.

"एकसष्ट, एकसष्ट," मतं मोजणाऱ्या मकरंदकाकांनी चष्मा काढून जाहीर केलं. "टाय झालाय मंडळी. चहा-वडे घ्या, मग परत मतदान."

वल्लरी आईकडे धावली. "एक मत गं आई. जस्ट वन."

आईचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला.

"काय केलंस तू?"

"अगं, स्वतःच्याच नावापुढे खूण कशी करायची? बरं दिसतं का? शिरीषकाकांना दिलं."

"आई, तू कॅंडिडेट आहेस."

"म्हणूनच. पंगतीत यजमानीण आधी स्वतःच्या पानात वाढून घेते का?"

तेवढ्यात शिरीषकाका चहाचा कप घेऊन आले. "मृदुलाताई, कशाला सगळ्यांना ताटकळत ठेवायचं? अर्ज मागे घ्या. आपलं घरातलंच तर काम."

"बघते हं," आई हसून म्हणाली.

आईचं 'बघते' म्हणजे 'हो', हे वल्लरीला सोळा वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. "माझी नऊ पोरं आहेत तिथे," ती कशीबशी पुटपुटली. "मंगळवारी एकीने पहिल्यांदा आजीला फोनवर मराठीत जोक सांगितला."

आईने अर्ज मात्र मागे घेतला नाही. नाव पुकारल्यावर पदर खोचून पडद्यामागे गेली. आत दोनच नावांची चिठ्ठी, तरी बाहेर येईना. वल्लरीला तर मतच नव्हतं. अठरा पूर्ण व्हायला अजून पावणेदोन वर्षं होती. तिने उजव्या अंगठ्यापासून सुरुवात केली.

अखेर आई आली.

"कुणाला?"

"गुप्त असतं ते," आई म्हणाली. मग रांगेतल्या कुणालाही 'घ्या ना' न म्हणता तिने ताटातला सगळ्यांत मोठा वडा उचलला आणि उभ्या उभ्या खाल्ला.

वल्लरी बघतच राहिली. तिने अंगठा तोंडातून काढला.

"शिरीषराव, साठ," मकरंदकाका वाचू लागले. "मृदुलाताई..."

आई बोटं पुसत होती.

"बासष्ट."