गाल भरून आण

प्रियदर्शनी मॅडमनी कागद तिसऱ्यांदा परत केला, तेव्हा प्रसेनजीतनं हात पुढं केलाच नाही. कागद टेबलावर तसाच पडून राहिला.

"घे की," मॅडम म्हणाल्या. "दरपत्रक चांगलं लिहिलंयस. करारपत्राचा इतका नेटका मसुदा वर्गात कुणाचा नव्हता. पण ग्राहकाचं नाव कुठाय?"

"ग्राहक मिळंना, मॅडम."

"मग काम अपुरं आहे. मी रिकाम्या रकान्याला मार्क कसे देऊ?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळंच त्याला जास्त लागलं.

कोल्हापुरातल्या त्या कला महाविद्यालयात शिल्पकलेच्या पोरांना 'कलाव्यवसाय' हा विषय नव्यानंच लागला होता. हातात कला आहे पण चार माणसांत किंमत सांगता येत नाही, अशी पोरं दरवर्षी बाहेर पडतात आणि कुठंतरी गिलाव्याच्या कामावर जातात, म्हणून कुणीतरी तो विषय काढलेला. शेवटचं प्रात्यक्षिक एकच होतं. आपल्या हातचं एक काम नात्यागोत्याबाहेरच्या माणसाला द्यायचं, पावती करायची आणि त्या माणसाचा अभिप्राय त्याच्याच अक्षरात जोडायचा. वर्गातल्या पृथ्वीराजनं तालीम मंडळाच्या बक्षिसाच्या ढाली केल्या, दीप्तीनं बंगल्यांच्या पाट्या केल्या आणि दोघंही २००१ सालीच मोकळे झाले. प्रसेनजीत बाकी सगळ्या विषयांत पहिल्या वर्गात होता. अडकला तो ह्या एकाच पेपरात.

आता २००२ चा फेब्रुवारी सरत आला होता. मार्चअखेर कागद द्यायचा होता, कारण जूनपासून हा अभ्यासक्रम बंद होणार होता. मग राहिलेला विषय कुणाकडं आणि कसा द्यायचा, हे ऑफिसात कुणालाच सांगता येत नव्हतं. गगनबावड्याच्या एका शाळेत चित्रकला शिक्षकाची जागा होती. तिथल्या मुख्याध्यापकांनी तोंडी होकार दिलेला, पण सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय पुढचं बोलणं नाही.

"लेका, दोन पाट्या कर आन सूट की," पृथ्वीराज भेटेल तेव्हा म्हणायचा.

प्रसेनजीतला ते पटायचं नाही. त्याच्याकडं विकायला एक काम होतं. काळ्या दगडातलं बुद्धाचं मस्तक. त्याचे वडील धोंडीराम खडीच्या क्रशरवर मुकादम होते. त्यांनी खाणीतून निवडून, आठ माणसं लावून तो दगड गडमुडशिंगीच्या घरासमोर आणून टाकला होता. वर्षभर प्रसेनजीत त्याच्यापुढं बसला. शिल्पकलेचे आकाराम सर कुणाचं तोंडावर कौतुक करणारे नव्हते, पण मस्तक बघून ते दोन्ही हात पाठीमागं बांधून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ह्याला आता हात लावू नको." चार वर्षं शिकून हे एक काम मनासारखं झालं होतं. तेच कुणाला नको असेल, तर सर्टिफिकेट तरी कशाचं घ्यायचं, असं त्याला वाटायचं.

सात विहारांची दारं त्यानं पुजली. कुणाकडं मूर्ती आधीच होती, कुणाला पांढरीशुभ्र, सोनेरी काठाची हवी होती. शेवटी कुरुंदवाडजवळच्या एका गावातून निरोप आला. नवा विहार बांधून झालाय, मूर्ती घेऊन या, बघून ठरवू.

धोंडीरामनी गुंडूचा टेंपो ठरवला. खाली उसाचा पाला अंथरून, वर गोधडी टाकून मस्तक चढवलं. निघताना मीनाबाईनं, प्रसेनजीतच्या आईनं, गोधडीचं टोक सारखं केलं आणि म्हणाली, "खड्डं बघून चालवा रं गुंडू." टेंपो वळेपर्यंत ती रस्त्यावर उभी होती.

गावात बायका पांढऱ्या साड्या नेसून विहारापुढं थांबल्या होत्या. मेणबत्त्या, फुलं तयार होती. विहाराच्या समितीचे अध्यक्ष, निवृत्त शिक्षक केरबा गुरुजी धोतराचा सोगा हातात धरून पुढं आले. जय भीम झालं, पाणी झालं. गोधडी काढली.

एका बाईनं हात जोडले आणि परत खाली घेतले.

"आजारी हायत व्हय ह्ये?" मागून कुणीतरी विचारलं.

केरबा गुरुजी मूर्तीभोवती एक फेरी मारून आले. "पोरा, हात चांगला हाय तुझा. पर चेहरा उपाशी दिसतोय."

"गुरुजी, उरुवेलेत त्यांनी—"

"उरुवेलेत उपास केला तवा ते सिद्धार्थ होते. सुजाताची खीर घेतली, त्याच्यानंतर बुद्ध झाले. मला शिकवू नगंस." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "ह्या बायका बघ. ह्यांच्या आज्या उपाशी मेल्या, आया अर्धपोटी ऱ्हायल्या. आता चार पैसं बाजूला टाकून विहार बांधलाय. हितं येऊन बी उपाशीच तोंड बघायचं व्हय त्यांनी?"

गुरुजी चुकीचं बोलतात असं प्रसेनजीतला म्हणता येईना. इतके दिवस सगळ्यांनी मूर्ती नको म्हणताना इकडची तिकडची कारणं सांगितली होती; ह्या माणसानं खरं कारण सांगितलं.

"काय करता येईल का बघ," गुरुजी म्हणाले. "गाल भरून आण. फाल्गुन पौर्णिमेला बसवू."

दगडात काही भरता येत नाही, काढताच येतं, हे शिल्पकलेच्या पहिल्या वर्षात शिकवतात. ते ओठावर आलं होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढं तो रिकामा रकाना आला.

"आणतो," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर धोंडीराम इतकंच बोलले, "कसं आणनार हाईस?"

दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला. हिशेब साधा होता. गाल वर आणता येत नाहीत, तर गालाची हाडं खाली न्यायची. हाडं उतरवली की खळगा दिसणार नाही. आठ दिवस तो दुपारच्या उन्हात गोणपाटाचं छप्पर करून टाकी मारत होता. हाडं उतरली, तर नाक मोठं दिसायला लागलं. नाक कमी केलं, तर डोळे बाहेर आल्यासारखे झाले. मग डोळ्यांच्या पापण्या उतरवल्या. रोज सकाळी त्याला वाटायचं, आज जमेल. रोज संध्याकाळी चेहरा आणखी थोडा लहान झालेला असायचा. जेवताना हातातला घास तसाच राहायचा. 'ह्याला आता हात लावू नको' हे शब्द आठवले की तो जोरजोरात दगड पाण्यानं धुवायला लागायचा.

नवव्या दिवशी ओठांचे कोपरे जरा वर घ्यायचे होते. एवढं झालं की मुद्रा प्रसन्न होईल, असं त्यानं ठरवलं होतं. दगडात एक बारीक शीर होती, केसाएवढी. ती त्याला ठाऊक होती. वर्षभर तो तिला सांभाळूनच काम करत आला होता. त्या दिवशी तो तिला विसरला. हातोडा पडला, आणि वरचा ओठ, नाकाचं टोक आणि डाव्या गालाचा तुकडा एकदमच निघून ओट्याखाली गेला.

आवाज फार मोठा झाला नाही. तरी मीनाबाई घरातून धावत आली. तिच्या हाताला पीठ होतं.

प्रसेनजीत उठला, भिंतीशी टेकवलेला वडिलांचा घण त्यानं उचलला.

"काय करतोस?" मीनाबाई मधे आली. "बुद्धावर घण उचलतोस व्हय रं?"

"आता ह्यो बुद्ध न्हाय. दगड हाय. बाजूला सर."

"सरत न्हाय."

आई हलेना. शेवटी त्यानं घण मातीत टाकला आणि तिथंच खाली बसला. वाकून मीनाबाईनं पडलेला तुकडा उचलला, पदरानं पुसला, उलटा-सुलटा करून पाहिला.

"माझा गाल हाय ह्यो," ती म्हणाली.

त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"तू दगडाला बसलास तवा मी खाटंवर पडून हुतो न्हवं का? सहा म्हैनं. अंगात काय बी ऱ्हायलं न्हवतं. तू हितं बसून काम करायचास आन मी दारातनं बघायचो. डोळं व्हायच्या आधी गाल झालं, तवाच मला कळलंतं. आरशात रोज बघत हुतो की ते गाल."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? बुद्धाला माझं तोंड हाय म्हणून कुनाला सांगू? लोक हसली असती." तिनं तुकडा ओट्यावर ठेवला. "तुला ठावं हाय असं वाटलंतं मला."

त्याला ठाऊक नव्हतं. वर्षभर आपण बुद्ध करतोय असं समजून तो आईचा चेहरा करत होता, आणि गेले नऊ दिवस तोच चेहरा तासून काढत होता. तिनं त्याही दिवसांत रोज दोन वेळा त्याला चहा आणून दिला होता. उघड्या डोळ्यांनी ती हे बघत होती. प्रसेनजीतनं धुळीनं भरलेले हात तोंडावर घेतले. मीनाबाई थोडा वेळ त्याच्याशेजारी बसली, मग भाकरी करपल्याचा वास आला तशी उठून आत गेली.

तिसऱ्या दिवशी त्यानं एसटीनं कुरुंदवाड गाठलं आणि तो तिथून चालत गुरुजींच्या दारात गेला. पौर्णिमेला बायका पुन्हा फुलं घेऊन थांबतील आणि मूर्ती येणार नाही, एवढं तरी आधी सांगायला हवं होतं.

"मूर्ती फुटली, गुरुजी. गाल भरायला जाताना."

केरबा गुरुजी वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी चष्मा काढला. "दगडात भरता येत न्हाय, व्हय?"

"न्हाय."

"मग त्या दिवशी आणतो म्हनलास ते?"

"मला गिऱ्हाईक पायजे हुतं."

त्यानं सगळं सांगितलं. पेपर, रकाना, मार्चअखेर, गगनबावड्याची नोकरी. आईचं सांगितलं नाही. ते कुणालाच सांगणं त्याला शक्य नव्हतं. गुरुजींच्या पत्नी झुंबरबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"अवो, तुमी बी काय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "घ्यायची न्हवती तर न्हाय म्हनायचं. गाल भरून आन काय? पिठाचा गोळा हाय का त्यो?"

गुरुजी म्हणाले, "मूर्ती मी तरी बी घेतली नसती. खोटं सांगत न्हाय." मग उठून त्यांनी कपाटातून एक वही काढली. विहार बांधताना गावातल्या एकोणीस बायकांनी नदीवरनं वाळू डोक्यावर वाहिली होती, मजुरी न घेता. त्यांच्या नावाची एक शिळा दारात लावायची, असा ठराव झाला होता. शिळा येऊन पडली होती, कोरणारा मिळाला नव्हता.

"नावं कोरशील?"

प्रसेनजीत म्हणाला, "कोरतो."

त्यानं तिथंच दरपत्रक लिहिलं. मॅडमनी शिकवल्याप्रमाणं अक्षराचा आकार, खोली, मुदत, काम अर्ध्यात थांबलं तर काय, सगळं लिहिलं. आकाराम सरांनी शिकवलेलं ह्यात काही लागणार नव्हतं, एवढंच त्याच्या मनात आलं.

आठ दिवस तो विहाराच्या अंगणात बसून अक्षरं खोदत होता. बायका यायच्या, स्वतःचं नाव कुठंपर्यंत आलं विचारायच्या. चिमणाबाई नावाच्या म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिनं त्याच्याकडून आपल्या नावाची जागा विचारून घेतली, त्यावरनं अंगठा फिरवला आणि म्हणाली, "एवढं मोठं हाय व्हय माझं नाव?" तो कसाबसा हसला. तिचे गाल बसलेले होते. त्यानं लगेच मान खाली घातली आणि पुढचं अक्षर धरलं. त्या आठ दिवसांत त्यानं एकाही बाईच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं नाही.

फाल्गुन पौर्णिमेला शिळा बसली. गुरुजींनी पावतीवर सही केली आणि अभिप्रायाच्या जागी सावकाश, शाळामास्तरी अक्षरात लिहिलं, "काम वेळेत आणि स्वच्छ. ह्या कलाकाराचं आधीचं काम आम्ही नाकारलं. ते दुरुस्त करायला सांगितलं, ही चूक आमची. 'हो' म्हटलं, ही त्याची."

प्रियदर्शनी मॅडमनी तो अभिप्राय दोनदा वाचला.

"आधीचं काम म्हणजे ते मस्तक?"

"व्हय."

"दुरुस्त करायला घेतलंस?"

त्यानं मान हलवली. मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांना काहीतरी म्हणायचं असावं, पण बाहेर दुसरी पोरं थांबली होती. "नाही म्हणायचं कसं, हा तास घ्यायचा राहिलाच माझा," त्या एवढंच बोलल्या आणि बावन्न गुण लिहिले.

आकाराम सर त्याला जिन्यात भेटले. पास झाल्याचं त्यांनी ऐकलं होतं. "मस्तक कुणी घेतलं?" त्यांनी विचारलं. प्रसेनजीतनं खरं ते सांगितलं. सर कठड्याला धरून उभे राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते सरळ वर निघून गेले आणि तो पायऱ्यांवर तसाच थांबला, शिपाई येऊन दार लावतो म्हणेपर्यंत.

जूनमध्ये तो सर्टिफिकेट घेऊन गगनबावड्याला गेला. मुख्याध्यापकांनी कागद उलटून पाहिले.

"शिल्पकला शिकलाय म्हणजे मूर्ती करता म्हणा की."

"न्हाय," प्रसेनजीत म्हणाला. "अक्षरं कोरतो."

"बरं झालं. शाळेच्या दारात देणगीदारांची नावं लावायची हायत. जमेल न्हवं?"

"जमेल," तो म्हणाला आणि हजेरीपटावर त्यांनी दाखवलेल्या जागी सही केली.