भिंतीवरचा पंजा

तातेरावांच्या मिशा कुरुंद्याच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक, आवाज तर त्याहून लांब जायचा. फक्त हात तेवढे शाळकरी पोरीच्या हातांएवढे! हे दुःख त्यांनी उभा जन्म उपरण्याखाली झाकलं होतं. काही वर्षांमागे नवं घर बांधलं, वास्तुशांतीला दारापाशी मालकाच्या हाताचा हळदीचा ठसा उमटवायची वेळ आली, तेव्हा तर त्यांनी कमालच केली. पाहुणे यायच्या आधी दोस्त विश्वंभर पहिलवानाला बोलावलं आणि त्याचा सुपाएवढा पंजा भिंतीवर दाबून घेतला.

यंदा थंडी कडाक्याची पडली. हळदीच्या व्यापारात हळकुंड मोडून बघायला बोटं मोकळी हवीत, म्हणून मंजुळाबाईंनी नवऱ्यासाठी बोटं उघडी राहतील असे लोकरीचे हातमोजे विणायला घेतले. नवऱ्याचा हात धरून माप घ्यायची त्या घरात रीत नव्हती, आणि भिंतीवर माप आयतं होतं. त्यांनी धागा ठशाला लावला आणि तेवढे टाके घातले.

तातेरावांनी मोजे घालून हात खाली केले, तसे दोन्ही मोजे जमिनीवर पडले.

मंजुळाबाईंनी भिंतीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पंजाकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो नीट पाहिला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"आवो, तुमी तर हातापासून सुकून राहिले!"

खरं सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं, पण मिशा आडव्या आल्या. "व्हय, जरा अशक्तपणा हाय," तातेराव म्हणाले.

झालं! सकाळी तूप, दुपारी डिंकाचे लाडू, संध्याकाळी हात एरंडेल तेलात. पोट सुटलं, हात होते तेवढेच. मंजुळाबाई रोज त्यांना पंजा ठशावर ठेवायला लावत आणि डोळ्यांना पदर लावत. गावातले लोक केळी घेऊन भेटायला येत आणि आधी हात बघायला मागत. मंजुळाबाईंचं मात्र जेवण तुटलं. "असेच कमी होत गेले तर संक्रांतीपर्यंत किती उरतील गं?" त्या सून वैष्णवीला विचारत होत्या. ते ऐकून तातेरावांना स्वतःची शरम वाटली. तरी तोंड उघडेना.

एक दिवस विश्वंभरही भेटायला आला. बाजेवर मोजे दिसले, थंडी होतीच, त्याने चढवले.

"वा वैनी! माह्याच मापाचे इनले की!"

मंजुळाबाई उठल्या. त्याचं मनगट धरून त्याला भिंतीपाशी नेलं, पंजा ठशावर टेकवला. रेघभर फरक नव्हता.

"म्हंजे दर दिवाळीला म्या कोनाच्या हाताला कुकू लावून राहिले?"

विश्वंभर छताकडे बघू लागला. आता ही हसणार, गावभर सांगणार, म्हणून तातेरावांनी मान खाली घातली. पण मंजुळाबाई मटकन खाली बसल्या आणि हमसून रडायला लागल्या.

"म्हंजे तुमी सुकून न्हाई ना राहिले? पयल्यापासून एवढेच?"

"एवढेच," तातेराव म्हणाले. "जल्मापासून."

मंजुळाबाईंनी डोळे पुसले आणि सगळ्यांदेखत नवऱ्याचा हात ओढून मांडीवर घेतला. मग विश्वंभरच्या हातातल्या मोज्याची गाठ सोडली.

"वैनी, लई ऊब हाय वो यात. राहू द्या की!"

"बसा गुमान." मग नवऱ्याला म्हणाल्या, "तुमीबी हलू नका."

विश्वंभरच्या हातावरून मोजा उसवत गेला, तातेरावांच्या हाताच्या मापाने विणला गेला. दोन्ही मोजे झाले तरी निम्मी लोकर उरली. तातेरावांनी उपरणं काढून खुंटीला अडकवलं आणि ते तसेच बाजारात गेले.