हा मासा कुणाचा?

मी पुलावरून चालायला लागले की खालचं पाणी हलायचं. पहिल्या दिवशी मी लक्ष दिलं नाही. सप्टेंबरची सुरुवात होती, सकाळचं धुकं खाडीवरून उठून थेट दारापर्यंत यायचं, आणि धुक्यात माणसाला काहीही दिसतं. दुसऱ्या दिवशी मात्र मी कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली सात-आठ मोठे सॅल्मन तोंडं वर करून उभे होते. मी चार पावलं पुढे गेले, तेही तेवढेच पुढे सरकले. मी थांबले, तेही थांबले. मग एकेकानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

नदीतला मासा असं करत नाही. माणसाची सावली पाण्यावर पडली की तो क्षणात नाहीसा होतो. माझा जन्म याच नदीच्या काठी गेला आहे, मला कुणी शिकवू नये.

हे मासे मला ओळखत होते, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांना ओळखत होते. शेपटीच्या कडा झिजलेल्या, पर गोलसर झालेले. जाळ्याला घासून घासून असे होतात. अकरा वर्षं मी खाडीत सॅल्मन पाळायच्या जाळीच्या पिंजऱ्यांवर काम करत होते. खाद्य यंत्रानं नळीतून जातं, पण माशांना भूक कशी आहे ते बघायला रोज सकाळी मी पिंजऱ्याभोवतीच्या फळीवरून एक फेरी मारायची आणि हातानं मूठमूठ गोळ्या टाकायची. डाव्या गुडघ्यामुळे माझं एक पाऊल जड पडतं, एक हलकं. तो आवाज ऐकून मासे वर यायचे, आणि मला बरं वाटायचं. घरी तरी माझी कोण एवढी वाट बघतं!

आता तेच मासे पिंजऱ्यापासून सहा किलोमीटरवर, माझ्या भावाच्या नदीत, माझी वाट बघत होते.

ते सुटले कसे हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि आमचा व्यवस्थापक केतिल याला. ऑगस्टमधलं वादळ शमल्यावर मी तराफ्यावरच्या खोलीत बसून कॅमेऱ्याचा पडदा बघत होते. वीस मीटर खोल पाण्यात मासे गोल गोल फिरत होते, नेहमीसारखे. एका जागी मात्र ते वर्तुळ मोडत होतं. तिथे जाळं फाटलं होतं, आणि मासे एकामागोमाग एक बाहेर जात होते. घाई नाही, गडबड नाही. जणू कुणीतरी बोलावलं होतं. मी केतिलला हाक मारली.

"पाणबुड्याकडून शिवून घेतो," तो म्हणाला. "कळवायचं ते कंपनी कळवेल. वेळ आली की."

"कायद्यानं आजच सरकारला कळवायला पाहिजे, केतिल."

"ऑक्टोबरात पिंजऱ्यांच्या परवान्याचा निर्णय आहे. पिंजरे बंद करायला रेक्याविकवाले टपून बसलेत. तुला शाळा परत ओस पडायला हवीय का? हुग्रूनला काय सांगशील?"

हुग्रून माझी मुलगी. मासे भरण्याच्या कारखान्यात कामाला होती, त्या पगाराच्या भरवशावर तिनं माझ्या शेजारचं घर घेतलं होतं. पिंजरे येण्याआधी गावच्या शाळेत नऊ पोरं होती, आता एकतीस झाली होती आणि त्यातली दोन हुग्रूनची. मी तोंडाला कुलूप घातलं.

दुसऱ्या बाजूला माझा भाऊ ग्रिमूर. नदीच्या वरच्या अंगाला त्याची मेंढ्यांची शेती. उन्हाळ्यात गळानं मासे धरायला बाहेरचे लोक येतात, भाडं देतात, म्हणून ती शेती टिकली आहे. त्याच्या जीपच्या काचेवर माशाच्या सांगाड्याचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'मी पिंजऱ्यातला मासा खात नाही'. माझ्याकडे जेवायला यायचा तो स्वतःचा मासा डब्यात घेऊन.

"काय ग ओड्नी, तुझ्या माशांच्या उवा काय म्हणतात?" तो दारातूनच विचारायचा. पिंजऱ्यातल्या माशांच्या अंगाला बारीक समुद्री किडे चिकटतात, त्यांना आम्ही उवा म्हणतो.

"तुझी आठवण काढतात," मी म्हणायची.

हुग्रूनला मात्र हे थट्टेवारी नेणं जमायचं नाही. "मामा, त्या रेक्याविकच्या हॉटेलांनी आमचा मासा बंद केला म्हणून तू टाळ्या वाजवतोस. त्यांच्या गल्लीत दहा दुकानं आहेत, त्यांना बहिष्कार परवडतो. आमच्याकडे हा एकच कारखाना."

"आणि माझ्याकडे ही एकच नदी," तो म्हणायचा. मला दोघांचंही पटायचं, आणि दोघांचाही राग यायचा.

डोंगरातून मेंढ्या खाली आणायच्या आठवडाभर आधी त्यानं मला नदीवर बोलावलं. मोठ्या डोहापाशी तो काठावर पोटावर पडून पाण्यात बघत होता.

"हळू ये," त्यानं खूण केली. "आठ दिवस झाले बघतोय. पिंजऱ्यातले आहेत. मी नुसती मान वर केली तरी तळाशी जातात."

मी हळूच गेले. एक पाऊल जड, एक हलकं. डोहाच्या काळ्या पाण्यातून ते वर आले. आधी दोन, मग दहा, मग मी मोजायचं सोडून दिलं. माझ्या बुटांच्या अगदी समोर येऊन, एकमेकांना खेटून, तोंडं उघडमीट करत राहिले. मागचे पुढच्यांच्या पाठीवर चढत होते. तोंडांचा तो बारीक ओला आवाज माझ्या अंगावर अजून काटा आणतो.

ग्रिमूर उठून बसला. आधी माशांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुझे आहेत," तो म्हणाला.

"किनाऱ्यावर काय एकच कंपनी आहे?" हे वाक्य केतिलचं, माझ्या तोंडून निघालं.

"जाळं फाटलं होतं का, ओड्नी?"

"मला काय माहीत?"

लहानपणी मी या भावाशी भरपूर खोटं बोलले आहे, पण ते पचायचं. हे नाही पचलं. तो ओरडला असता तर सोपं गेलं असतं. तो शांतपणे म्हणाला, "हे इथल्या माद्यांबरोबर अंडी घालणार. पिल्लं होतील ती ना समुद्राची, ना नदीची. मग पुढे समुद्रातून या नदीत काहीच परत येणार नाही." आणि टोपी उचलून निघून गेला.

त्यानंतर मी बूट बदलून पाहिले. पुलावरून चवड्यांवर चालून पाहिलं, साठीला आलेली बाई, चोरासारखी. खाली मासे होतेच, रोज थोडे जास्त. एका सकाळी मी भांडी विसळत होते आणि खिडकीबाहेर काहीतरी चकाकलं. आमच्या घरामागे हातभर रुंदीचा ओहोळ आहे, त्यात घोटा बुडेल इतकंच पाणी. त्यात एक सॅल्मन आडवा पडला होता, पाठ पाण्याबाहेर, डोळा खिडकीकडे. मी जमिनीवर पाय ठेवला की तो शेपूट आपटायचा. दुपारपर्यंत मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले. मग तो मेला. मी त्याला पुरला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

मेंढ्यांच्या दिवशी सगळा गाव दगडी कोंडवाड्यापाशी जमला. मधे मोठं गोल आवार, भोवती प्रत्येक शेताचा एकेक कप्पा. आवारात शिरायचं, मेंढीचं शिंग धरायचं, कानाला कातरलेली खूण बघायची, आपली असेल तर ओढत आपल्या कप्प्यात न्यायची. खूण ओळखू आली नाही तर म्होरक्या तो प्राणी मधे धरून तीनदा ओरडतो, 'कुणाचा?' धनी पुढे होईपर्यंत दुसऱ्या कुठल्याही मेंढीला हात लावायचा नाही. आणि आपलं जनावर तिथे नाकारणाऱ्याला आमच्याकडे कुणी उभं करत नाही. म्होरक्या यंदा ग्रिमूर होता.

अर्ध्या मेंढ्या वेगळ्या झाल्या असतील. लोक गात होते, खिशातल्या बाटल्या फिरत होत्या. ग्रिमूर जीपपाशी गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात हातभर लांबीचा सॅल्मन होता. आवाराच्या मधोमध उभं राहून त्यानं तो कल्ल्यात बोटं घालून वर धरला.

"कुणाचा?"

काही जण हसले. "कान कापायला विसरला वाटतं कुणीतरी!" एकानं ओरडून म्हटलं.

"कुणाचा?" ग्रिमूर पुन्हा म्हणाला, आणि हसणं थांबलं.

केतिल कठड्याला टेकून उभा होता. "ग्रिमूर, पोराबाळांसमोर तमाशा करू नकोस. सोड, थंडी वाढतेय."

पण धनी पुढे होईपर्यंत मेंढीला हात लावायचा नाही म्हणजे नाही. सगळे होते तिथेच थांबले. शेकडो मेंढ्या तेवढ्या ओरडत होत्या. आमचे तिघे कामगार खाली बघत होते. हुग्रून धाकट्याला कडेवर घेऊन माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तिला कळलं. माझी लेक आहे, माझा चेहरा तिला वाचता येतो.

"आई," ती दबक्या आवाजात म्हणाली, "नको ना."

ग्रिमूरनं तिसऱ्यांदा विचारलं नाही. तो नुसता मासा धरून उभा राहिला. मला त्याची एवढी दया आली की गुडघ्याचं दुखणंही विसरले. मी दार ढकलून आत गेले. मेंढ्या बाजूला झाल्या.

"माझा," मी म्हणाले. "ऑगस्टमध्ये जाळं फाटलं. मी बघितलं होतं." आणि मासा त्याच्या हातातून घेतला.

पुढचं थोडक्यात सांगते. परवाना थांबला. केतिलची बदली झाली. नोव्हेंबरपर्यंत कारखाना बंद पडला आणि हुग्रूननं माझ्याशी बोलणं टाकलं. शेजारी राहून बोलत नाही. माझ्या खिडकीसमोरून नातवंडांना हाताला धरून नेते. शहराकडून कौतुकाचे फोन आले, ते मी उचलले नाहीत.

त्याआधी ऑक्टोबरात नॉर्वेहून भाले घेतलेले पाणबुडे आले होते, नदीतले पिंजऱ्याचे मासे मारायला. पण मासे त्यांना बघून खोल कपारींत शिरायचे. चौथ्या दिवशी ग्रिमूर माझ्या दारात आला.

"चल," तो म्हणाला. मी बूट चढवून निघाले.

मी काठानं चालत राहिले, खालपासून वरपर्यंत, पंधरा दिवस. ते यायचे. प्रत्येक डोहातून, प्रत्येक कपारीतून माझ्या पायांशी यायचे, तोंड उघडून वर बघायचे, आणि ग्रिमूर मागून जाळं उचलायचा. एकही पळाला नाही. शेजारचा जाळ्यात धडपडत असतानाही ते माझ्याकडेच बघत राहायचे. शेवटच्या तीन दिवसांत कुणीच आलं नाही, तेव्हा ग्रिमूरनं काठावर बसून तोंड हातांत लपवलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आम्ही सुटलो असं मला वाटलं.

जूनमध्ये बर्फाचं पाणी ओसरलं आणि त्यानं मला पुन्हा नदीवर नेलं. लख्ख दिवस होता. तो पुढे चालत होता, अंगातला कोट काढून खांद्यावर टाकलेला, वीस वर्षांनी तरुण झालेला.

"बघ, बघ, किती पिल्लं आहेत!" तो वरच्या वळणावरून ओरडला. "मी जवळ गेलो की कशी दगडाखाली पळतात! वाचली ग नदी, ओड्नी. तुझ्यामुळे वाचली!"

मी खालच्या उथळ पाण्यापाशी पोचले होते. माझी सावली पाण्यावर पडली. दगडांखालून पिल्लं बाहेर आली, नखाएवढी. पळाली नाहीत. माझ्या सावलीत गोळा झाली, दाटीवाटीनं, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. मग इवली इवली तोंडं उघडायला आणि मिटायला लागली.

यांचे बाप पिंजऱ्यातले असतील, पण यांचा जन्म इथे नदीच्या खडीत झाला होता. यांना कुणी मूठभर गोळ्या टाकल्या नव्हत्या, यांनी माझं पाऊल कधी ऐकलं नव्हतं. मी एक पाऊल मागे घेतलं. सगळी माझ्या मागे आली, काठाच्या मातीला टेकेपर्यंत.

वर ग्रिमूर शीळ घालत होता. एवढा खूश मी त्याला आमची आई गेल्यापासून पाहिला नव्हता. मी घरी निघून गेले असते तर, ही पिल्लं समुद्रात जाऊन परत यायची वेळ येईपर्यंत, आणखी चार-पाच वर्षं तरी त्याला काही कळलं नसतं.

"ग्रिमूर," मी हाक मारली. "इकडे ये. माझ्या शेजारी उभा राहा."

तो हसत हसतच आला.