गोलूचा अंगठा

चार वर्षांचा गोलू अंगठा चोखायचा आणि प्रतापनगरातल्या त्या घरात सगळ्यांना लाज वाटायची, गोलूला सोडून. कडुलिंबाचा रस झाला, चिंधी बांधून झाली, फटकेही झाले. आलेला प्रत्येक पाहुणा त्याच्या आईला, श्वेताला विचारायचा, "घोडा झाला अन् अजून चोखूनच राहिला?" जसं काही तिनंच शिकवलं होतं.

शेवटी सासूबाईंनी, प्रेमिलाबाईंनी उपाय काढला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. बांबू-कागदाची अक्राळविक्राळ बाई. लोक ओरडून आपली सगळी पीडा तिच्या गळ्यात मारतात आणि तिला जाळून मोकळे होतात. गल्लीतल्या पोरांनीही एक केली होती. ती दारासमोर आली तशी, प्रेमिलाबाईंनी पढवून ठेवल्याप्रमाणे, गल्ली ओरडली, "खोकला-ताप घेऊन जा गे मारबत! गोलूचा अंगठा घेऊन जा गे मारबत!"

लोक फिदीफिदी हसले. श्वेताही हसली, ओरडलीसुद्धा. पोरगं तिच्याच कडेवर होतं.

"पाह्य, तोंडात घातला का थे येते अन् तोडून नेते," आजीनं बजावलं आणि मारबत जळताना त्याला अगदी पुढं नेऊन दाखवली.

अंगठा तोंडात जाणं बंद झालं. प्रेमिलाबाई दारोदार सांगत सुटल्या, "डॉक्टरले काय समजते वं? मी एका दिवसात सोडवलं!"

गोलू डाव्या हातानं जेवू लागला. घरच्यांना वाटलं, नवं खूळ. आठवडाभरानं आंघोळ घालताना श्वेतानं त्याचा उजवा हात धरला, तर मूठ उघडेना. अंगठा आत, बोटं वरून आवळलेली. कातडी पांढरी पडून कुबट वास मारत होती. तळव्यात नखं रुतली होती.

"सोड राजा, धुऊन देते."

"नाही. थे नेते."

"अरे, मारबत जळली ना? तू पाहिली ना?"

"पण नेला कुठी तिनं? माझ्याजवळच हाये. मंग येते ना न्यायले."

पोराचा हिशेब चोख होता. अख्ख्या गल्लीनं ओरडून देऊन टाकलेली वस्तू त्याच्याकडेच राहिली होती आणि देणाऱ्यांत त्याची आईही होती.

श्वेता मोरीतच फतकल मारून बसली. "येऊ दे. पहिले माझा नेऊ दे," म्हणाली आणि स्वतःचा अंगठा तोंडात घालून चोखू लागली.

प्रेमिलाबाई दारात आल्या. "काहून वं, डोक्शावर पडली काय? एवढी मेहनत करून सोडवला मी!"

श्वेतानं अंगठा काढला. "तुम्ही सोडवला नाही आई, भेव घातलं. पाहा त्याचा हात. अन् आता इथून जा."

सासूला असं ती पहिल्यांदाच बोलली. प्रेमिलाबाई पाय आपटत गेल्या, मुलाला फोन लावायला.

श्वेतानं अंगठा पुन्हा तोंडात घातला. गोलू दाराकडे बघत राहिला. बराच वेळ कोणी आलं नाही. मग त्याची बोटं सुटली.