पाहुणीचा श्वास

ताईनं क्लॅरिनेट ओठांना लावायच्या आधी श्वास घेतला की सगळा बँड उठायचा. मान हलवायची नाही, काठ्यांची टकटक नाही. नाकातून खोल ओढलेला तो एक श्वास, आणि त्याचं शेपूट धरून बाकीचे तिघं सुरात उडी टाकायचे. गाण्याचा ठेका सात मात्रांचा असो की अकराचा. "मोजायचं कशाला?" हातोडा म्हणायचा. "ताई आहे ना!"

हातोडा म्हणजे ड्रमर. गिटारवाला तो बगळा, उंच आणि सदा एका पायावर रेललेला. आणि की-बोर्डवर ताईचा सख्खा भाऊ. त्याचे केस पिकले तरी सगळे त्याला धाकटाच म्हणत. प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवणारी ही माणसं. रेकॉर्डच्या एका बाजूला एकच गाणं. "आपलं गाणं लागलं की माणूस दाढी करून, आंघोळ उरकून परत येतो," बगळा म्हणायचा, "तरी आपलं अजून नमनच चाललेलं."

टायरच्या दुकानावरची एक खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. त्या गाद्या ताईनंच ठोकल्या होत्या, तोंडात खिळे धरून. पुढं तिला लेक झाली, नवरा निघून गेला, तिनं शाळेत संगीत शिकवायची नोकरी धरली आणि बँड सुटला. पण प्रत्येक अल्बमला एका गाण्यापुरती ती यायचीच. कव्हरवर छापून यायचं, 'पाहुणी कलाकार'.

"पाहुणी म्हणे!" ती हसायची. "खिळे माझ्या हातचे, गाद्या माझ्या घरच्या, आणि मीच पाहुणी. चहा तरी पाहुणीसारखा पाजा मग."

शेवटच्या अल्बमला आली तेव्हा ती हसली नाही. जिना चढून आली आणि भिंतीला धरून नुसती उभी राहिली. तिची फुप्फुसं आतून कडक होत चालली होती, उन्हात राहिलेल्या चामड्यासारखी. मागं तिची लेक उभी होती. लहानपणी तोंडाला खंड नव्हता म्हणून तिचं नाव पडलं साळुंकी. आता मात्र ती फारसं बोलत नसे. आईच्या पाठीवर तिचा हात होता.

"मामा, तू तरी सांग हिला. माझं ऐकत नाही."

"तुझं ऐकायला," ताई म्हणाली, थांबली, आणि उरलेलं वाक्य पुढच्या श्वासावर टाकलं, "जन्म दिला होय तुला?"

या वेळच्या गाण्याचा सूर तिचाच होता. कधीकाळी कपडे वाळत घालताना तिला सुचलेला, चार शब्दांसकट:

*सुराचं गं धुणं, श्वासाची गं दोरी,*
*वाऱ्यानं नेलं धुणं, दोरी राहिली घरी.*

बगळ्यानं त्या दोन ओळींभोवती अख्खं गाणं उभं केलं होतं, आणि मधोमध सगळी वाद्यं गप्प करून क्लॅरिनेटसाठी जागा ठेवली होती. तिथं ताई सुरू करणार, आणि तिच्या मागोमाग बाकीचे.

ती माइकसमोर बसून वाजवत राहिली. पूर्वी एका दमात जाणारी ओळ आता तीनदा तुटत होती. आणि तुटलं की श्वास यायचा. शिट्टीसारखा, मग खरवडल्यासारखा, तळाशी उरलेलं पाणी वाटीनं काढावं तसा. हातोडा खाली बघत होता. साळुंकी मात्र आईच्या तोंडाकडे बघत होती.

वाजवून झाल्यावर ताईनं भावाला जवळ बोलावलं. "धाकट्या, माझे श्वास काढू नकोस."

फुंकून वाजवायच्या वाद्याचं रेकॉर्डिंग झालं की मधले श्वास कापून टाकायचे, ही या धंद्यातली रीत. बँडचं ते काम धाकटाच करायचा, आणि त्याचा हात इतका साफ की कापल्याची खूण दिसत नसे.

"घरघर आहे गं त्यात."

"असू दे. सूर काय, कुणीही वाजवील. ही पोर माझ्या श्वासावर झोपलीय लहानपणी. तिला सापडायला हवी मी त्यात." तिनं त्याचं मनगट धरलं. "शब्द दे."

"दिला."

अल्बम पुरा व्हायच्या आत ताई गेली.

मग धाकटा एकटाच त्या खोलीत, हेडफोन लावून. सूर ऐकणं सोसत होतं, सुरात तर ताई हसतानाची होती. पण प्रत्येक सुराच्या शेवटी तो श्वास यायचा आणि खोलीत हॉस्पिटलची खाट उभी राहायची. उशीवरून घसरलेलं डोकं, निळी पडत चाललेली नखं. तो हेडफोन काढायचा, खिडकीशी जायचा, परत यायचा. एका सकाळी त्यानं पहिला श्वास कापला. एकच, म्हणाला स्वतःशी. पण एक धागा ओढला की वीण कुठं थांबते? संध्याकाळपर्यंत सगळे निघाले होते.

फेकून देववेना. म्हणून त्यानं ते उचलून शेजारच्या रिकाम्या ट्रॅकवर, जिथल्या तिथं ठेवले आणि त्या ट्रॅकचा आवाज बंद केला. मग सुरांची तुटलेली टोकं ओढून, घासून एकमेकांना जोडली. उरली ती एक धडधाकट बाई, न थांबता, न दमता वाजवणारी. तो रडला. त्याला वाटलं, आपण ताईला बरं केलं.

अल्बमवर ते साफ केलेलंच गेलं, पण बँडच्या तालमी चालल्या होत्या त्या कच्च्या रेकॉर्डिंगवर, श्वासासकट. अल्बम निघायच्या दिवशी मोठ्या सभागृहात कार्यक्रम होता. ताईचा भाग स्पीकरमधून लावायचा, बाकीच्यांनी सोबत वाजवायचं. दुपारी धाकट्यानं सभागृहात कपाटाएवढे स्पीकर टांगलेले पाहिले. त्यातून घरघर निघणार. परक्या माणसांसमोर आपल्या बहिणीची ती दशा. त्यानं कच्चं रेकॉर्डिंग काढलं, साफ केलेलं लावलं. कुणाला बोलला नाही.

संध्याकाळी साळुंकी पहिल्या रांगेत होती, आईचा राखी स्वेटर घालून. गाणं चढत चढत मधल्या जागेपाशी आलं. वाद्यं थांबली, दिवे मंदावले. हातोड्यानं काठ्या वर धरल्या. बगळ्यानं तारेवर बोट टेकवलं. धाकट्यानं पंजे पट्ट्यांवर आणले आणि वाट बघू लागला.

कशाची वाट बघतोय ते त्याला त्या क्षणी कळलं. श्वास त्यानंच काढला होता, आणि सवयीनं तोही श्वासासाठीच थांबला होता.

क्लॅरिनेट अचानक सुरू झालं, पाठीमागून कुणी ढकलावं तसं. हातोडा उशिरा उतरला. त्याचं ऐकून बगळा आणखी उशिरा. सातचा ठेका लंगडायला लागला. पूर्वी कुणी चुकलं तर ताई सूर लांबवायची, येऊ द्यायची त्याला. ही बाई कुणासाठी थांबेना. ती निर्मळ, अखंड पुढं चालली होती आणि तिघं म्हातारे घोडे तिच्या मागं ठेचकाळत होते. अखेर सगळं एकमेकांवर कोसळलं आणि थांबलं.

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. त्यांना वाटलं, गाणंच असं आहे. "आपल्या संगीतात हे एक सुख," बगळा नेहमी म्हणायचा, "आपटलेला माणूसही लोकांना नाचल्यासारखा दिसतो." आज त्यानं नुसती गिटार उतरवली.

पहिल्या रांगेत एक राखी स्वेटर तेवढा बसून होता.

पडद्यामागं नव्या अल्बमची खोकी रचली होती. "श्वास कुठाय रे?" हातोड्यानं विचारलं. "मी थांबलो होतो. कुठाय?" धाकट्यानं मान खाली घातली. हातोड्याला समजलं. त्यानं काठ्या खोक्यावर ठेवल्या आणि तो बाहेर निघून गेला. बगळाही त्याच्या मागं गेला.

साळुंकी दारात उभी होती.

"मामा, ती कोण होती?"

"कोण गं?"

"वाजवत होती ती."

धाकट्यानं खोक्यावरच्या काठ्या उचलल्या, परत ठेवल्या.

"घरघर मी रात्रंदिवस ऐकली. अंगावरचे कपडे बदलताना, तोंडात पाणी सोडताना. मला किळस नाही आली. तुला आली?"

"किळस नव्हे गं पोरी. मला सहन..."

"तुला सहन झालं नाही, म्हणून माझी आई पुसलीस?"

रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं विचारत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाद्यांच्या खोलीत आली. स्वेटर तोच. धाकटा रात्रभर झोपला नव्हता, एकदम बोलू लागला, "मी परत घालतो सगळे. नवा अल्बम काढू. एकेक श्वास जिथल्या तिथं..."

"नको. आता घातलेस तर ते तू घातलेले असतील."

"मग काय करू, सांग."

"कापलेले आहेत ना? तेवढेच ऐकव."

त्यानं सूर बंद केला, ड्रम, गिटार, सगळं बंद केलं आणि त्या एका ट्रॅकचा आवाज उघडला. आधी शांतता. खाली दुकानात कुणीतरी टायर लोळवत होतं. मग ताईनं श्वास घेतला.

साळुंकीनं डोळे मिटले. पुन्हा शांतता, एका ओळीएवढी. पुन्हा श्वास. आता प्रत्येक शांततेत तिचे ओठ किंचित हलत होते. आवाज नव्हता, पण शब्द कुठले ते त्याला दिसत होतं. त्यानं न राहवून सुराच्या बटणाकडे हात नेला. तिनं डोळे न उघडताच मनगट धरून तो बाजूला सारला. मनगट धरायची तिची रीत आईचीच होती.

तो बसला. ऐकण्यावाचून इलाज नव्हता. श्वास आखूड होत गेले, जवळजवळ येऊ लागले. शेवटची ओळ जायला हवी होती तेवढी शांतता गेली.

आणि मग आणखी एक श्वास आला. खोल, खरवडत, पार तळापासून ओढलेला. सूर संपल्यावरचा. तो त्यानं कापला तेव्हा नीट ऐकलाही नव्हता. पुन्हा सुरू करायच्या आधी ती घ्यायची, अगदी तसा.

धाकट्याची बोटं आपोआप उठली आणि ठेक्यावर, बिनचूक, बंद की-बोर्डवर पडली.

पट्ट्या टपटपल्या तेवढ्याच. साळुंकीनं डोळे उघडले, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.