जोडव्याची जागा

सुरतेजवळ भेस्तानच्या त्या कारखान्यात बर्फावर घसरत जायच्या खेळाचे बूट बनत, आणि बनवणाऱ्यांपैकी एकानेही डोंगरावरचा बर्फ पाहिलेला नव्हता. त्यांचा बर्फ म्हणजे शेजारच्या बर्फ-कारखान्यातल्या लाद्या, नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवरचा. बूट फक्त बायकांचे. युरोपातली एक कंपनी नमुना पाठवायची. इथे बाहेरचं कडक प्लास्टिकचं कवच ओतायचं, आतला मऊ बूट शिवायचा, दोन्ही एकात एक बसवायचे आणि खोकी भरून पाठवून द्यायची. पुढे ते कुठल्या बाईच्या पायात जातात, कुणाला ठाऊक.

निंबा तिथे फर्म्यावर होता. फर्मा म्हणजे गुडघ्याखालचा अख्खा पाय, टणक, पिवळट, आत भरीव. शिवून आलेला मऊ बूट भट्टीत तापवायचा, फर्म्यावर चढवायचा आणि निवेपर्यंत दाबून धरायचा. आतला फोम त्या पायाचा आकार घेतो. उमेदीची सगळी वर्षं उधन्याला लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे निंबाला हे काम आवडायचं. आवाज नाही, घाई नाही. फक्त धरून बसायचं.

आणि दुसरं म्हणजे, तो फर्मा ताराचा होता.

तारा त्याची बायको. ती याच कारखान्यात शिलाईवर होती. पहिली ऑर्डर आली तेव्हा बाहेरून आणलेले साचे बसेनात, म्हणून तेव्हाच्या साहेबांनी त्या मापाचा जिवंत पाय शोधायला लावला. सगळ्या बायकांचे पाय मोजले. ताराचा नेमका बसला. तिला स्टुलावर बसवून पायाला प्लास्टर लावायचं ठरलं. साहेब म्हणाले, "ताराबाई, तेवढी जोडवी काढा."

तारा म्हणाली, "साहेब, पाय कापून न्या. जोडवी नाही निघायची."

साहेब हसले, वैतागले, शेवटी जोडव्यासकट प्लास्टर लावलं. पुढे त्यावरून फर्मा झाला तेव्हा कुणीतरी कानशीने बोटावरचा उंचवटा घासला, पण पुरता घासला नाही. दुसऱ्या बोटावर तांदळाएवढी सूज राहून गेली. बाकी सगळे ते विसरले. निंबाचा अंगठा मात्र बूट चढवताना रोज त्यावरून जायचा.

तारा गेल्या वर्षी आखाजीच्या सणाच्या तोंडावर गेली. छातीत कळ येते म्हणाली, आणि रिक्षा गल्लीत शिरेपर्यंत सगळं संपलं होतं. हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून, जोडव्यांसकट तिला नेलं. बायका म्हणाल्या, नशिबाची होती, अहेव गेली. त्या नशिबाचं आपण काय करायचं, ते निंबाला अजून कळलेलं नव्हतं. मुलगा ललित कामरेजला असतो. तो बोलावतो, तिकडे चला म्हणतो. निंबा म्हणतो, बघू.

त्या सकाळी पराग नवा बूट घेऊन आला. पराग कारखान्याचा तरुण साहेब, नाशिकचा, सगळ्यांना ताई-भाऊ म्हणणारा. त्याने बूट निंबाच्या मेजावर ठेवला.

"निंबाभाऊ, नवीन डिझाइन. टाच अरुंद केलीये, मागची कड खाली घेतलीये. बायकांची पोटरी खालपर्यंत भरलेली असते ना, तिथे काचायचं. आणि पुढे बोटांपाशी थोडं आवळलंय. आज घालून बघू आणि कळवून टाकू."

"मग जुनं?"

"हा पास झाला की जुने फर्मे बाद. कापून फोटो पाठवायचा, त्यांचा नियम आहे. मागून कुणी चोरून माल काढू नये म्हणून." पराग बोलता बोलता थांबला. फर्मा कुणाचा ते त्याने ऐकलेलं होतं. "तुमच्या हाताला जास्त कळतं. तुम्ही सांगाल तसं लिहीन."

निंबाने नवा बूट हातात घेतला आणि मनात म्हटलं, नापास हो बाबा.

बूट बर्फात बघायचे म्हणून शेजारच्या बर्फ-कारखान्याची कोठी मागून घेतली होती. आत लाद्यांच्या थप्प्या, आणि मध्ये एक उतरती फळी. घालणारणीने त्या फळीवर उभं राहायचं, गुडघे पुढे रेटायचे, अंग झोकायचं आणि कुठे लागतंय ते सांगायचं. सुरतेत स्वेटर कुणाकडे असणार? शिलाईवरच्या तिघी आल्या होत्या. रंजनाने नवऱ्याची माकडटोपी घातली होती. चंचलने दोन ओढण्या गुंडाळल्या होत्या. धुरपदाबाई गोधडीच पांघरून आली होती आणि पिंपावर बसली होती.

"माय वं! हाऊ बूट शे का रेडा?" रंजना बूट उचलतानाच आपल्या अहिराणीत म्हणाली.

"तू रेड्यावर बसायची सवय कर," धुरपदाबाई गोधडीतून म्हणाली. "पुढेमागे उपयोगी पडेल."

चंचल हसता हसता फळीवरून घसरलीच. तिचं अजून लग्न व्हायचं होतं. तिने पहिल्यांदा बूट घातला, बकलं लावली, गुडघे रेटले आणि सरळ गुजरातीत म्हणाली, "एकदम मस्त छे." टाच हलत नाही, पोटरी काचत नाही, बोटं ठीक.

"बोटाला टोचत नाही? नीट बघ," निंबा म्हणाला.

"नाही, काका."

मग रंजना उभी राहिली. तिने गुडघे वाकवले आणि तोंड वाकडं केलं. "टोचस! हाई बोटले टोचस!"

"कुठल्या?"

"अंगठ्याशेजारच्या."

निंबाला बरं वाटलं. आणि बरं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

पराग खाली वाकून बघत म्हणाला, "ताई, जोडवी आहेत का पायात? ती काढून बघता का जरा?"

रंजनाने माकडटोपी मागे सरकवली. "जोडवा काढनार नही मी. मना धनी जित्ता शे आजून."

"पाच मिनिटांसाठीच."

"पाच मिनिटांत काय झालं म्हणजे? तुम्ही भराल का?"

परागने हात जोडले. बर्फावर जाणाऱ्या बायका जोडवी घालत नाहीत, हे तिला कसं समजवावं ते त्याला सुचेना. लाद्यांवरून पाणी ठिबकत होतं.

तेव्हा धुरपदाबाईने गोधडी बाजूला ठेवली. "मना पायमा घाला. मना पाय मोकळा शे."

कुणी तिच्याकडे बघितलं नाही. तिचा नवरा जाऊन बराच काळ लोटला होता. कसल्याच पायताणाची सवय नसलेला तिचा रुंद पाय बुटात कसाबसा उतरला. निंबाने स्वतः खाली बसून बकलं लावली. ती फळीवर चढली, परागच्या खांद्याचा आधार सोडला आणि अंग पुढे झोकून दिलं, विहिरीत डोकावून बघावं तसं.

"कसंय?" परागने विचारलं.

"टाच कशी घट धरून बसलीय. उठतच नाही." ती पुन्हा झुकली. "निंबाभाऊ, तारा हेच मागायची ना रे? टाच उठते, टाच उठते करून त्या जुन्या साहेबाच्या मागे लागली होती. त्यानं ऐकलं नाही."

निंबाने मान हलवली. तारा घरी येऊनही तेच म्हणायची. भाकरी थापता थापता म्हणायची, बिचाऱ्या बायका, डोंगरावर चालल्यात आणि टाच जागेवर नाही.

"बोटाला टोचतं का?" त्याने विचारलं.

"नाही."

"थोडंसुद्धा?"

"नाही म्हटलं ना. वकील झाला का काय तू?"

"आता जुना घालून बघ."

तिने जुना घातला. झुकल्यावर तिचा पाय आत पुढे सरकला, ते बाहेरूनही कळलं. ती थांबली. बुटाच्या आत बोटं हलवत राहिली.

"हाई बोटवर जागा कशानी शे?" तिने विचारलं. निंबा खाली बसून तिची बकलं सोडू लागला. तिने त्याच्याकडे बघितलं आणि तिला आठवलं. ते स्टूल, ते प्लास्टर, तेव्हाचं ते हसणं. ती हळू आवाजात म्हणाली, "जोडवानी जागा शे ना हाई."

परागला उलगडायला थोडा वेळ लागला. "म्हणजे कंपनीकडून येते ती तक्रार... पुढे पाय सरकतो, बोटं आपटतात, नखं काळी पडतात... ती यामुळे?" त्याला हसू आलं होतं, पण निंबाचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. "टाच सैल होतीच. शिवाय पुढे ही रिकामी जागा."

"हो," निंबा म्हणाला. "दोन्ही मिळून."

सगळे बाहेर उन्हात आले. बायका टोप्या, ओढण्या काढत चहाच्या किटलीकडे गेल्या. पराग मागे राहिला.

"निंबाभाऊ, हे बघा. रंजनाताईंना टोचलं ते खरंच आहे. मी तेवढंच लिहिलं, तर ते पुढचा भाग परत दुरुस्त करायला घेतील. त्यात हा हंगाम जाईल. तोपर्यंत जुनाच चालेल. खोटंही होणार नाही." तो बुटाचं बकल उघडत-लावत होता. "बोला, काय लिहू?"

निंबाला पुढचे महिने दिसले. सकाळी भट्टी पेटवायची, फर्मा पुसायचा, अंगठा त्या सुजेवरून जाणार. घरी बोलायला कुणी नाही, पण इथे निदान हात लावायला काहीतरी. तेवढंच लिहा, असं तो म्हणणारच होता. पण भाकरी थापणारी तारा काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. बिचाऱ्या बायका, म्हणायची. ज्यांना कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी तिचा जीव तुटायचा. त्यांची नखं आपण काळी करायची, आणि तीही तिच्या पायाने?

"जोडवी घालून डोंगरावर कुणी जात नाही, साहेब," तो म्हणाला. "बूट चांगला आहे. पास लिहा."

"नक्की?"

"तिनंच मागितलेली टाच आहे. लिहा."

परागने तसं लिहून घेतलं. मग म्हणाला, "कापायचं काम दुसऱ्या कुणाला सांगतो."

"नको. माझं मीच करीन."

दुपारनंतर निंबाने फर्मा करवतीखाली धरला. आधी पोटरी, मग घोटा. पातं सरळ जात होतं. बोटांपाशी आल्यावर त्याने एकदा अंगठा फिरवला आणि मग पुढे ढकललं. पिवळी भुकटी त्याच्या मनगटावरच्या केसांत बसली. परागने फोटो काढला. तुकडे मोजून पोत्यात गेले, पोतं भट्टीवाल्याकडे गेलं. धुरपदाबाईने निंबासमोर चहाचा ग्लास ठेवला आणि परत मशीनवर जाऊन बसली. नवा फर्मा खोक्यातून निघाला तेव्हा पांढरा, गुळगुळीत होता. निंबाने त्यावर एक बूट चढवून बघितला. छान बसला. हाताला काहीच लागलं नाही.

संध्याकाळी तो उधन्याच्या खोलीवर आला. समोरच्या घरात टीव्ही चालू होता, वरच्या मजल्यावर कुणीतरी लसणाची फोडणी दिली होती. त्याने कुलूप काढलं, दिवा लावला. दाराशी कोपऱ्यात तो बूट होता, पहिल्या वर्षीचा, शिलाई चुकली म्हणून बाद झालेला. तारा मागून घेऊन आली होती. एवढा दणकट बूट टाकून कसा देतात, म्हणायची. त्यात ती छत्री उभी करायची. छत्री अजून तशीच उभी होती.

निंबा खाली बसला. छत्री काढून भिंतीला टेकवली. बुटात हात घातला, मनगट, मग कोपर, पार टोकापर्यंत. आत धूळ होती. बोटांनी चाचपत तो अंगठ्याच्या खोबणीपाशी आला, तिथून शेजारी सरकला, आणि वरच्या मऊ फोममध्ये त्याला तो खळगा सापडला. बारीक, तांदळाएवढा.

त्याने बोट तिथे ठेवलं. चपला अजून पायातच होत्या, दार उघडंच होतं. समोरच्या घरातली बाई जाता जाता डोकावली.

"काय हरवलं का, भाऊ?"

"नाही," निंबा म्हणाला. हात त्याने बाहेर काढला नाही.