दैवशाला आत्या आणि पुण्याचा सूट

आमच्या जालन्याच्या स्विमिंग पूलवर दरवर्षी पन्नाशीपुढच्या बायकांची शर्यत होते. बायका दोनच. माझी दैवशाला आत्या आणि मस्तगडला कापडाचं दुकान असलेल्या शीतलभाभी. म्हणजे पदक दोघींना नक्की, फक्त कुठलं कुणाला ते पोहून बघायचं.

मागच्या साली आत्या जिंकली. भाभी म्हणाल्या, माझी टोपी निसटली. तेव्हापासून आत्या दळणाच्या रांगेतसुद्धा लोकांना ती टोपी कशी घट्ट होती ते समजावून सांगायची. अजिबात न विचारणाऱ्या लोकांना.

यंदा भाभींच्या आयुषीनं पुण्याहून आईसाठी शर्यतीचा खास सूट पाठवला. काळा, गुडघ्यापर्यंत, पाण्याला अंगाशी थांबूच न देणारा. पूलचे व्यवस्थापक राधेश्यामजींनी लगेच आधुनिक सूटवर बंदी घातली. इथं माणसं शुगर कमी करायला पोहतात, असले सूट कशाला, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांना पटलं. आत्या मात्र थेट त्यांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली.

"भाभीला सूट घालू द्या. न्हाई तर हारल्यावर म्हणतील, सूट घालू दिला न्हाई. मला यंदा नुसतं जिंकायचं न्हाई, बिनटोपीचं जिंकायचंय."

राधेश्यामजींना ही तक्रार कुठल्या खात्यात घ्यावी कळेना. त्यांनी परवानगी देऊन टाकली.

शर्यतीच्या दिवशी कळलं, सूट घालणं हाच एक वेगळा खेळ आहे. अर्धा तास झाला तरी भाभी अर्ध्याच आत. शेवटी त्यांनी आत्यालाच हाक मारली. आत्याचं अर्धं आयुष्य आष्टीच्या शेतात पोत्यात कापूस दाबण्यात गेलंय, तिला दुसरी रीत माहीत नाही. तिनं गुडघा लावला आणि भाभींना दाबलं. भाभी बराबर आत गेल्या. शिवण उसवली, काखेपासून कमरेपर्यंत.

भाभी बाकावर बसून रडायला लागल्या. आता पोहणार नाही म्हणाल्या. आत्याचा चेहरा त्यांच्याहून जास्त पडला. मग तिनं आपल्या पिशवीतून पोती शिवायचं दाभण आणि सुतळी काढली.

"भाभी, श्वास घेऊ नका."

"कुठवर?"

"शर्यत होऊस्तोर."

बाहेर राधेश्यामजी नव्या पेचात. परवानगी आधुनिक सूटला दिलेली, मग सुतळीनं शिवलेला सूट आधुनिक धरायचा का? बराच विचार करून त्यांनी तो पोत्यांत मोडतो असं जाहीर केलं. पोत्यांवर बंदी नव्हतीच. अशा रीतीनं नियमही वाचला आणि परवानगीही.

शिट्टी झाली. वळताना भाभी हातभर पुढं होत्या. आत्या विहिरीत शिकलेली, मान वर काढून पोहते, त्यामुळं आपण मागं पडलोय हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिनं दात आवळले, पाणी दोन्ही हातांनी मागं लोटलं आणि बोटभर आधी भिंत गाठली.

राधेश्यामजी भाभींना धीर द्यायला वाकले. "शिवण उसवल्ती ना, भाभी. पाणी शिरलं असंल आत."

आत्या धापा टाकत होती, ती थांबली. तिला समोर दुसरी टोपी दिसायला लागली.

भाभींनी काठ धरून जरा विचार केला. "बिलकुल न्हाई," त्या म्हणाल्या. "एक थेंब आत आला न्हाई. दैवशालाबाईंची शिवण हाय ती. मी बराबर हारले."

येताना आत्यानं रिक्षावाल्याला पदक दाखवलं नाही. भाभी काय म्हणाल्या, तेवढं सांगितलं. दोनदा.